कोड मागच्या चाकाचा, गळती पुढच्या चाकाची: जुन्या रेंज रोव्हरच्या एअर सस्पेन्शनचं एक प्रकरण

गाडी दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर, म्हणजे पी३८ए. हे मॉडेल १९९४ साली आलं. ही गाडी त्यातल्या शेवटच्या वर्षांतली, पेट्रोल इंजिनाची. तक्रार अशी की रात्री उभी केली की सकाळी चारही कोपऱ्यांवर बसलेली. इंजिन सुरू केल्यावर उठायला सुरुवातीला मिनिटभर लागायचं, मग ते वाढत गेलं आणि एके दिवशी उठलीच नाही. डॅशबोर्डवर 'ईएएस फॉल्ट' (ईएएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन), उंचीच्या बटणाजवळचे सगळे दिवे पेटलेले, आणि वेग ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे ५६ किलोमीटरच्या आत ठेवा अशी सूचना.

माझ्याकडे येण्याआधी ती एका गॅरेजमधून जाऊन आली होती. तिथे नवा कॉम्प्रेसर बसवला, लॅपटॉप लावून फॉल्ट (गाडीच्या मेमरीत कोडच्या रूपात राहिलेली बिघाडाची नोंद) पुसला, गाडी उठली. आठवड्याच्या आत पुन्हा बसली. पुन्हा पुसला, पुन्हा तेच. कोड वाचल्यावर मागच्या उजव्या उंची-सेन्सरचं नाव निघालं म्हणून तो सेन्सर बदलायचा सल्ला मिळाला, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर एअर स्प्रिंग (हवा भरलेल्या रबरी स्प्रिंग) काढून साध्या कॉइल स्प्रिंग टाका, डोक्याला ताप नको, असंही सांगितलं गेलं. मालकांनी या दोन्हींच्या आधी आणखी एकदा कुणालातरी दाखवायचं ठरवलं आणि गाडी टो करून आणली.

एअर सस्पेन्शन असलेल्या जुन्या फोर बाय फोरच्या बाबतीत ही अगदी नेहमीची वाट आहे: कोड वाचायचा, त्यात ज्याचं नाव आहे तो पार्ट बदलायचा, फॉल्ट पुसायचा. या गाडीत ती वाट का फसली हे कळायला आधी ही यंत्रणा कशी चालते ते थोडं बघावं लागेल.

यंत्रणा थोडक्यात

कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, ती ड्रायरमधून जाते, तिथे ओलावा शोषला जातो आणि कोरडी हवा चासीला लटकवलेल्या टाकीत साठते. टाकीतला दाब १० बारच्या आसपास गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर थांबवायला सांगतो. टाकी आणि चार एअर स्प्रिंग यांच्या मध्ये व्हॉल्व्ह ब्लॉक असतो. प्रत्येक कोपऱ्याला एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलनं उघडणारा, शिवाय हवा आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे आणखी, एक डायफ्राम (रबराचा पडदा) आणि हवा एकाच दिशेनं जाऊ देणारे तीन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. प्रत्येक कोपऱ्यावर उंची मोजणारा सेन्सर. तो आतून साधा पोटेन्शिओमीटर असतो, रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणात असतो तसा. ईसीयू, म्हणजे यंत्रणा चालवणारा छोटा संगणक, या चार सेन्सरकडे बघून कुठे हवा भरायची, कुठे सोडायची ते ठरवतो.

नेहमीच्या उंचीपेक्षा 'हाय' ४० मिलिमीटर वर, 'लो' २५ मिलिमीटर खाली, आणि चढण्या-उतरण्यासाठीची 'ॲक्सेस' उंची ६५ मिलिमीटर खाली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. ईसीयूला हवा दिसत नाही. टाकीत दाब पुरेसा आहे की नाही एवढं प्रेशर स्विच सांगतो, बाकी सगळा कारभार उंचीच्या आकड्यांवर. एखाद्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम दिला आणि तिथला आकडा हललाच नाही, तर ईसीयूच्या दृष्टीनं 'सेन्सरचा सिग्नल पटत नाही' हे सोपं उत्तर असतं. सेन्सर मेला, व्हॉल्व्ह चिकटला की वायर तुटली, हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून कोडमध्ये ज्याचं नाव येतं तो बहुतेक वेळा साक्षीदार असतो.

आधी वाचायचं, मग पुसायचं

सुरुवात बॅटरीपासून केली. कमजोर बॅटरीवर या गाड्यांचे ईसीयू चित्रविचित्र बोलतात, आणि त्या गोंधळात अर्धा दिवस जातो. बॅटरी ठणठणीत होती, टर्मिनल स्वच्छ.

मग कोड. पी३८एला ओबीडीचा, म्हणजे निदान-यंत्र जोडायचा, सॉकेट आहे म्हणून बाजारातला कुठलाही स्कॅनर लावला तर तो इंजिनाशी जेमतेम बोलेल, सस्पेन्शनशी नाही. ईएएसचा ईसीयू स्वतःच्या जुन्या सिरियल भाषेत बोलतो; त्यासाठी त्या मॉडेलचं निदान-यंत्र हवं, किंवा सिरियल केबल आणि त्या भाषेतलं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप. बॅटरीची तार काढून ठेवल्यानं हे फॉल्ट जात नाहीत, कारण ते वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी काढून बघितलेले बरेच जण नंतर निराश होऊन येतात, आणि रेडिओचा कोडही विसरलेले असतात.

मेमरीत तेच होतं: मागच्या उजव्या कोपऱ्याचा सिग्नल वारंवार न पटणारा. आधीच्या गॅरेजनं चूक वाचलं नव्हतं.

पुसण्याआधी मी चारही सेन्सरचे लाइव्ह आकडे लिहून घेतले आणि त्याच वेळी टेप लावून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. तीन कोपरे पूर्ण खाली, बंप स्टॉपवर, म्हणजे चासी जिथे टेकते त्या रबरी ठोकळ्यांवर. मागचा उजवा मात्र दोन बोटं वर. आणि सेन्सरचा आकडाही तेच सांगत होता की हा कोपरा बाकीच्यांपेक्षा वर आहे. सेन्सर खोटं बोलत असता तर टेप आणि आकडा जुळले नसते. इथे दोघांचं एकमत होतं. म्हणजे त्या कोपऱ्यात हवा खरोखर अडकलेली होती आणि सेन्सर प्रामाणिकपणे ते कळवत होता.

खात्रीसाठी सेन्सरची लिंक सोडवली आणि मल्टिमीटर लावून सेन्सरचा दांडा हळूहळू वरपासून खालपर्यंत फिरवला. पोटेन्शिओमीटर झिजतो तो बहुधा नेहमीच्या उंचीच्या पट्ट्यात, कारण आयुष्यभर तो तिथेच मागेपुढे होत असतो. म्हणून त्या भागात दांडा मुद्दाम पुन्हा पुन्हा फिरवायचा. व्होल्टेज एकदम शून्यावर किंवा पाचावर उडी मारतं का ते बघायचं. यात काट्याचा जुना मीटर डिजिटलपेक्षा बरा, झटका डोळ्याला दिसतो. इथे काटा एकसारखा चढला, एकसारखा उतरला. कनेक्टरमध्ये गंज नाही. सेन्सर बदलायचा प्रश्न तिथेच मिटला.

चारही कोपरे एकत्र का बसतात

आता मूळ तक्रार: रात्रीतून गाडी बसणं. आधीच्या गॅरेजचा तर्क असा होता की चारही कोपरे सारखे बसतात, चार स्प्रिंग एकाच वेळी फाटणं शक्य नाही, म्हणजे दोष सामाईक भागात असणार, म्हणजे कॉम्प्रेसर. तर्क ऐकायला ठीक आहे. पण कॉम्प्रेसर हवा भरतो, धरून ठेवत नाही. उभ्या गाडीतली हवा जाण्याशी त्याचा संबंध नाही.

खरी मेख वेगळीच आहे. पी३८एचा ईसीयू गाडी बंद असतानाही साधारण दर ६ तासांनी जागा होतो आणि चारही कोपऱ्यांची उंची बघतो. एखादा कोपरा खाली गेलेला असेल तर उभी गाडी तिरकी राहू नये म्हणून बाकीचे तीन त्याच्या पातळीला आणतो. इंजिन बंद असल्यामुळे वर उचलायची सोय नाही, मग जे वर आहेत त्यांचीच हवा सोडायची. परिणाम असा की एकच स्प्रिंग गळत असली तरी सकाळी चारही बसलेली दिसतात. पुरावा रोज रात्री गाडी स्वतःच पुसून टाकते.

यावर उपाय साधा आहे. या जागं होण्यामागे एक टायमर रिले असतो, पुढच्या सीटखाली. तो उपटून ठेवला की ईसीयू रात्री उठत नाही आणि जो कोपरा गळतो तोच बसतो.

त्यासाठी गाडी आधी उभी करणं भाग होतं, म्हणून फॉल्ट पुसला. हे पुसणं निव्वळ चाचणीपुरतं. दारं लावून इंजिन चालू ठेवलं. दार उघडं असलं की ही यंत्रणा उंची बदलायची थांबते, आणि 'पुसला तरी उठत नाही' म्हणून लोक घाबरतात ते बरेचदा उघड्या दारापायी. गाडी उठली, मागचा उजवा कोपरा मात्र बाकीच्यांच्या बऱ्याच मागून, दचकत उठला. ते मनात नोंदवून ठेवलं. सपाट फरशीवर गाडी नेहमीच्या उंचीला आणली, रिले काढला, चारही मापं चिकटपट्टीवर लिहून त्या त्या मडगार्डला लावली आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी पुढचा डावा ७० मिलिमीटर खाली. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाचेक मिलिमीटर. मागचा उजवा उलट किंचित वर.

ही मापं वाचताना दोन गोष्टींचं भान लागतं. पहिली, थंडी. स्प्रिंगवरचं वजन तेवढंच राहतं, म्हणजे आतला दाबही जवळपास तेवढाच, पण हवा ३० अंशांवरून १५ अंशांवर आली की तिचं आकारमान सुमारे ५ टक्के घटतं. त्यामुळे शाबूत स्प्रिंगसुद्धा रात्रीत काही मिलिमीटर खाली येते. त्याला गळती समजायचं नाही. दुसरी, चासी कडक असते. एक कोपरा बसला की कर्णात समोरचा कोपरा हलका होऊन वर सरकतो. मागचा उजवा वर गेला तो त्यामुळे.

साबणाचं पाणी

पुढची डावी स्प्रिंग बघायची वेळ आली. इथे थोडं थांबून सांगतो: हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नये. जॅकवरही नाही. चासीखाली स्टँड, आणि स्टँडवर वजन आल्याची खात्री झाल्यावरच खाली जायचं. पाइप निसटला तर दोन टनांहून जड गाडी क्षणात बंप स्टॉपवर येते. मध्ये काय आहे ते ती बघत नाही.

स्प्रिंग म्हणजे रबराची नळी, खालच्या पिस्टनवर दुमडून बसलेली. गाडी खालीवर होते तशी ही घडी रबरावर सरकते. जुनं रबर तडकतं ते या घडीत, आणि गाडी बसलेली असताना तो भाग आत लपलेला असतो. म्हणून बहुतेक जण गाडी 'हाय'वर नेऊन साबणाचं पाणी मारतात. मीही आधी तेच केलं. घडीवर जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या, पण बुडबुडा एकही नाही.

'हाय'ला घडी रबराच्या एका पट्ट्यावर असते, नेहमीच्या उंचीला दुसऱ्या. गाडीनं आयुष्य नेहमीच्या उंचीला काढलेलं, तेव्हा थकलेला पट्टाही तिथलाच. उंची परत खाली आणली, स्टँड त्या उंचीला लावले, ब्रशनं घडीच्या वरच्या कडेला दाट साबण लावला आणि टॉर्च धरून वाट बघितली. लगेच काही नाही. थोड्या वेळानं आतल्या बाजूला, ॲक्सलकडे तोंड असलेल्या भागात, मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा पांढरा ठिपका जमला आणि संथपणे वाढत राहिला. स्प्रिंगवर छापलेली तारीख गाडीइतकीच जुनी होती. वीसेक वर्षांच्या रबराकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. यात बनवणाऱ्याचा दोष शोधू नये.

साबण हातात होताच, तर टाकीचे जोड, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरणारे सगळे पाइप आणि हवा बाहेर सोडायचं तोंडही तपासून घेतलं. त्या तोंडावर साबणाची फिल्म हळूहळू फुगत होती. कुठलाच कोपरा खाली येत नसताना तिथून हवा येता कामा नये. म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आतही कुठेतरी झिरपत होतं.

एका स्प्रिंगनं ब्लॉकपर्यंत कशी वाट लावली

हा या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, आणि कोडमध्ये याचा मागमूस नाही.

ड्रायरमधले दाणे ओलावा शोषतात, पण ते कायमचे भरत जाऊ नयेत म्हणून यंत्रणेत एक छान सोय आहे. गाडी खाली येताना स्प्रिंगमधली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर जाते आणि दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. जाताना ओलावा ठेवायचा, परतताना न्यायचा. हा हिशोब जुळतो तोवर ड्रायर वर्षानुवर्षं टिकतो.

पुढची डावी स्प्रिंग गळायला लागली आणि हा हिशोब बिघडला. गळालेली हवा सरळ रबराच्या भेगेतून बाहेर, ड्रायरकडे परत येणं नाही. तिची भरपाई करायला कॉम्प्रेसर दिवसभर चालणार, म्हणजे बाहेरची दमट हवा सतत आत. रात्री बाकीच्या तीन कोपऱ्यांची हवा ड्रायरमधून बाहेर जायची तेवढाच दिलासा, पण तो पुरणारा नव्हता. दाणे भिजले, भुगा झाला, आणि ओलावा भुग्यासकट पुढे टाकीत आणि ब्लॉकमध्ये गेला. दरम्यान जुन्या कॉम्प्रेसरचं पिस्टन-सील जास्तीच्या कामानं झिजलं. त्याची पूडही त्याच वाटेनं गेली. मग त्याला टाकी भरायला उशीर लागू लागला, गाडी सावकाश उठू लागली, आणि दोष कॉम्प्रेसरचा ठरला. नवा कॉम्प्रेसर त्याच भिजलेल्या ड्रायरमधून त्याच गळक्या स्प्रिंगला हवा पुरवू लागला, एवढाच फरक.

टाकीची ड्रेन प्लग सोडली तेव्हा आधी हवा आली, मग तपकिरी पाणी. निरोगी यंत्रणेत तिथून एक थेंबही येऊ नये. ब्लॉक उघडायचाच, हे त्या पाण्यानं ठरवलं.

व्हॉल्व्ह ब्लॉक

उघडण्याआधी एक चाचणी केली. टाकीत पुन्हा दाब भरला आणि लॅपटॉपवरून मागच्या उजव्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह स्वतंत्रपणे चालवून बघितला. कॉइलचा 'टक' आवाज प्रत्येक वेळी येत होता. गाडी कधी हलायची, कधी नाही. चारही कोपऱ्यांच्या कॉइलचा रोध मोजला, एकसारखा. म्हणजे वीज पोचत होती, कॉइल ओढत होती आणि आतला प्लंजर मनात येईल तेव्हा सरकत होता. ईसीयूला न पटणारा सिग्नल होता तो हाच. हुकूम गेला, कोपरा हलला नाही, आणि कोडमध्ये सेन्सरचं नाव लागलं.

मग गाडी स्टँडवर घेतली, सगळी हवा सोडली आणि ब्लॉक काढला. ६ मिलिमीटरचे नायलॉन पाइप काढताना कॉलर आत दाबून धरायची आणि पाइप सरळ ओढायचा. वाकवून उपटला तर आतल्या ओ-रिंगवर (हवा अडवणाऱ्या रबरी कडीवर) ओरखडा पडतो. प्रत्येक पाइपला आधी खूण केली. बाहेर आलेल्या टोकांवर जुन्या कॉलरच्या दातांच्या रेघा होत्या, तिथे काही मिलिमीटर पाइप धारदार पात्यानं काटकोनात कापून टाकला. तिरकं कापलेलं टोक नव्या ओ-रिंगलाही फसवतं.

ब्लॉक उघडल्यावर आतली अवस्था अशी: ओ-रिंगांचा गोल छेद जाऊन चौकोनी झालेला, नखानं दाबल्या तर खूण तशीच राहते. वाहिन्यांमध्ये पांढरट पूड आणि ओलाव्यानं तिची झालेली लापशी. मागच्या उजव्या प्लंजरवर तपकिरी चिकट थर, तो बोटानं ढकलला तर मध्येच अडकायचा. हवा सोडणाऱ्या बाजूच्या डायफ्रामची कड कडक झालेली. बाहेरच्या तोंडावरची फिल्म फुगत होती ती तिच्यामुळे.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. पेट्रोल किंवा थिनर नको, रबर फुगतं. व्हॉल्व्हच्या सीटवर टोकदार लोखंड लावू नये, ॲल्युमिनियम मऊ असतं आणि एक बारीक ओरखडा पुढची सगळी मेहनत फुकट घालवतो. चिकट थर मी लाकडी काडीनं काढला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची दिशा काढतानाच फोटोत पकडून ठेवायची, नंतर आठवत नाही. किटमधल्या सगळ्या ओ-रिंग आणि डायफ्राम बदलले, सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावून. ग्रीस चोपडून भरलं तर उरलेली धूळ तेच पकडून ठेवतं.

ड्रायर नवा टाकला. टाकी दोनतीनदा भरून, रिकामी करून कोरडी केली. भिजलेला ड्रायर तसाच ठेवून ब्लॉक दुरुस्त करणं म्हणजे काही महिन्यांनी तोच ब्लॉक पुन्हा उघडायची तयारी.

पुढच्या दोन्ही स्प्रिंग बदलल्या. उजवी गळत नव्हती, पण भेगा तिच्यावरही होत्या आणि वय तेच. नवी स्प्रिंग बसवताना लोक घाई करतात ती इथे: रिकाम्या स्प्रिंगवर गाडी सोडतात. आत हवा नसताना वजन आलं तर रबराची घडी वाकडी पडते, चिमटते, आणि नवी स्प्रिंग पहिल्याच दिवशी कापली जाते. स्टँड तसेच ठेवून आधी थोडी हवा भरायची, घडी चारही बाजूंनी सारखी आली का बघायचं, मग हळूहळू वजन द्यायचं.

आता पुसायचा

सगळी जोडणी झाल्यावर लगेच फॉल्ट पुसला नाही. आधी टाकी पूर्ण भरू दिली आणि प्रेशर स्विचनं कॉम्प्रेसर स्वतःहून थांबवला का ते बघितलं. थांबवला. मग दारं बंद, इंजिन चालू, फॉल्ट पुसला, आणि 'ॲक्सेस'पासून 'हाय'पर्यंत सगळ्या उंच्या वरखाली फिरवल्या. मागचा उजवा कोपरा बाकीच्यांबरोबर उठला. शेवटी उंचीच्या सेटिंगचे आकडे पाहिले. मागच्या उजव्या कोपऱ्याचे आकडे कुणीतरी बदललेले दिसले, बहुधा गाडी सरळ दिसावी म्हणून. ते अंदाजानं परत फिरवले नाहीत. बंप स्टॉप आणि ॲक्सलच्या मध्ये ठरलेल्या मापाचे ब्लॉक ठेवून चारही कोपरे नव्यानं बसवले.

पुसलेला फॉल्ट परत येतो तेव्हा तो किती वेळानं आला याकडे बघावं, असं माझं मत आहे. इग्निशन लावल्या लावल्या आला तर वायर, सेन्सर किंवा कनेक्टर. ईसीयूला हवेची वाट बघायची गरजच पडली नाही. उंची बदलताना आला तर व्हॉल्व्ह, पाइप किंवा अपुरा दाब. आणि बराच वेळ चालवल्यावर, गाडी गरम झाल्यावर आला तर कॉम्प्रेसर तापून त्याचा थर्मल स्विच उघडतोय का ते बघायचं. यात अपवाद सापडतात, पण पाना उचलण्याआधी दिशा मिळते. या गाडीत आधीच्या गॅरेजमध्ये तो दर वेळी रात्र उलटल्यावर, सकाळी उठताना येत होता. तेवढं विचारलं गेलं असतं तरी रोख सेन्सरवरून हलला असता.

टायमर रिले बाहेर ठेवूनच पुन्हा रात्रभर गाडी उभी केली. सकाळी चारही मापं ५ मिलिमीटरच्या आत. रिले परत लावला. त्यानंतर आठवडाभर गाडी वापरात होती, भार घालून, कच्च्या रस्त्यावर, हायवेला वेग वाढल्यावर आपोआप 'लो'वर जाऊन. कॉम्प्रेसर पूर्वी सतत घुमायचा, आता उंची बदलल्यावर थोडा वेळ चालून गप्प होतो. कोड एकही नाही.

कॉइल स्प्रिंगबद्दल मालकांनी शेवटी विचारलंच. वस्तीपासून आठवडे लांब फिरणाऱ्यानं, जिथे एक ओ-रिंगही मिळणार नाही अशा ठिकाणी जाणाऱ्यानं तसं केलं तर मी अडवणार नाही. पण या गाडीचा भार घातल्यावरही सपाट राहण्याचा आणि अडथळ्यावर ४० मिलिमीटर उचलायचा गुण त्यात जातो, आणि वैतागाच्या भरात केलेलं ते काम सहसा अर्धवट होतं. ईसीयू तसाच राहतो आणि डॅशबोर्ड आयुष्यभर तक्रार करतो. मध्यम मार्ग म्हणून प्रत्येक स्प्रिंगच्या पाइपला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि टायरसारखा व्हॉल्व्ह बसवता येतो. यंत्रणा बंद पडली तर पंपानं हवा भरून घरापर्यंत येता येतं. तेवढं त्यांनी करून घेतलं.

मागच्या दोन स्प्रिंग अजून जुन्याच आहेत. गळत नाहीत, पण तारीख पुढच्यांइतकीच जुनी, आणि घडीवर भेगांची सुरुवात दिसते. पुढच्या सर्व्हिसच्या आधी त्या बदलायचं ठरलं आहे. आधीच्या गॅरेजनं काढलेला कॉम्प्रेसर मालकांनी फेकला नव्हता, डिकीत तसाच पडला होता. उघडून बघितला तर मोटर चांगली, सिलिंडरला ओरखडा नाही, फक्त पिस्टनचं सील संपलेलं. नवं सील घालून गेजवर लावला, १० बारपर्यंत दाब दिला. आता तो पिशवीत बांधून स्पेअर म्हणून डिकीतच ठेवला आहे.